जॉन्स आयलंडची रात्रशाळा : सेवा, शिक्षण आणि नागरी हक्क

पीडित वर्गांच्या उत्थानासाठी निघालेल्या सेवाभावी संस्थांचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः संस्थेचे संस्थापक, तिला मिळालेल्या देणग्या, तिने उभारलेल्या इमारती आणि तिच्या लाभार्थींची संख्या यांचा तपशील देतात. हा तपशील आवश्यक आहे; परंतु एका मूलभूत प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. ज्यांच्यासाठी संस्था निघाली ते तिच्यामुळे केवळ साहाय्य घेणारे राहिले, की स्वतःच्या हक्कांचे धनी झाले? अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील एका लहानशा रात्रशाळेच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अत्यंत स्पष्टपणे मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे करारानंतर ३० सप्टेंबर १९३२ रोजी अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ स्थापन झाला. पुढे तोच हरिजन सेवक संघ या नावाने ओळखला जाऊ लागला. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला जाताना ‘व्हिक्टोरिया’ बोटीवरून १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी संघाचे सरचिटणीस अमृतलाल ठक्कर यांना एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात त्यांनी कार्याच्या दोन दृष्टी वेगळ्या करून दाखविल्या. पहिल्या दृष्टीप्रमाणे अस्पृश्याच्या दुःस्थितीचे कारण त्याच्या वैयक्तिक आचरणात असते. म्हणून दारूबंदी, व्यायामशाळा, सहकारी संस्था, वाचनालये, शाळा यांच्याद्वारे व्यक्तीला सुधारावे. दुसऱ्या दृष्टीप्रमाणे व्यक्ती ज्या सामाजिक परिस्थितीत जखडलेली असते ती परिस्थितीच तिच्या दुःखाचे मूळ होय. तेव्हा प्रथम परिस्थितीवर आघात करावा. पाणवठे, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने यांवरील हक्क प्रत्यक्ष बजावून घ्यावेत. बाबासाहेबांनी दुसऱ्या दृष्टीचा पक्ष घेतला. शिवाय हे काम भाडोत्री सेवकांकडून होणार नाही, त्याला त्या वर्गातलीच, त्या ध्येयाशी एकनिष्ठ असलेली माणसे हवीत, असेही त्यांनी बजाविले. या पत्राची साधी पोचही त्यांना मिळाली नाही. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान असावे या मागणीला जे उत्तर मिळाले तेही प्रसिद्ध आहे : हे ऋण सवर्णांनी फेडावयाचे आहे, म्हणून संस्थाही त्यांनीच चालवावी. पुढे बाबासाहेब त्या संघातून बाहेर पडले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न यांतील साम्य बाबासाहेबांनी स्वतः हेरले होते. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन दिल्याचे कळताच त्याच्या प्रती मागविण्यासाठी त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि ड्यू बॉइस यांनी त्याला सहानुभूतीचे उत्तर दिले. त्याहीपूर्वी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. या नात्याचे स्मरण ठेवून आपण अमेरिकेकडे वळू.

दानाची थोरवी आणि तिची मर्यादा

यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी लवकरच वर्णविभक्त शाळा, आगगाड्या, दवाखाने यांचे कायदे केले आणि मतदानाच्या मार्गात अडथळ्यांची रांग उभी केली. दक्षिण कॅरोलायनाच्या १८९५ च्या राज्यघटनेने मतदाराला घटनेतील परिच्छेद वाचून व लिहून दाखविण्याची अट घातली. ठरावीक किमतीची मालमत्ता असणाऱ्याला तीतून सूट होती. परिच्छेद निवडणारा आणि वाचन पुरेसे झाले की नाही हे ठरविणारा अधिकारी गोरा असे. एका हाताने शाळा नाकारावयाची आणि दुसऱ्या हाताने अक्षरशून्यतेबद्दल मताधिकार काढून घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेत खाजगी दानाने मोठे काम केले, हे नाकारता येणार नाही. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेने शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ पासून ग्रामीण कृष्णवर्णीयांच्या शाळांसाठी साहाय्य सुरू केले. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. स्थानिक लोकांनी आपला वाटा उचलावा, अशी या साहाय्याची अट होती. शेतमजूर आणि खंडकरी कुटुंबांनी रोख पैसा, लाकूड, जमीन आणि अंगमेहनत या रूपांनी दिलेला वाटा एकूण हिशेबात रोझेनवाल्ड निधीपेक्षाही किंचित अधिक भरला. हीच माणसे सरकारी करही भरीत होती आणि त्या करातून प्रामुख्याने गोऱ्यांच्या शाळा चालत होत्या. म्हणजे एका शाळेसाठी त्यांनी दोनदा पैसे मोजले. मुले शिकली, शिक्षक तयार झाले, ही या दानाची थोरवी होय. मात्र शाळा विभक्तच राहिल्या आणि मतपेटी दूरच राहिली. बाबासाहेबांच्या वर्गीकरणात हे काम प्रामुख्याने पहिल्या दृष्टीचे ठरते.

सेप्टिमा क्लार्क

सेप्टिमा पॉइन्सेट क्लार्क यांचा जन्म ३ मे १८९८ रोजी चार्ल्स्टन शहरात झाला. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मले होते. चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत तेव्हा कृष्णवर्णीय शिक्षकांना नेमणूक मिळत नसे. म्हणून १९१६ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी शहराजवळील जॉन्स आयलंड या बेटावरच्या शाळेत नोकरी धरली. तेथे १३२ मुलांना दोन शिक्षिका होत्या. समोरच्या गोऱ्यांच्या शाळेत तीन मुले होती, असे त्यांनी आपल्या आठवणीत सांगितले आहे. कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एन. ए. ए. सी. पी. या राष्ट्रीय संघटनेचे काम त्या करू लागल्या. चार्ल्स्टनमध्ये कृष्णवर्णीय शिक्षक नेमले जावेत यासाठी त्यांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि १९२० मध्ये ती मागणी मान्य झाली. पुढे कोलंबिया शहरातील शिक्षकांना समान वेतन मिळावे म्हणून झालेल्या लढ्यातही त्या होत्या. १९४५ मध्ये तो खटला जिंकला गेला.

१९५४ च्या न्यायालयीन निर्णयाने विभक्त शाळा घटनाबाह्य ठरल्या, तेव्हा दक्षिणेतील राज्यकर्त्यांनी या संघटनेवरच घाव घातला. १९५६ मध्ये दक्षिण कॅरोलायनाने तिच्या सदस्यांना सरकारी नोकरीत राहण्यास मनाई केली. क्लार्क यांनी सदस्यत्व लपविले नाही. चाळीस वर्षांची नोकरी गेली आणि तिच्याबरोबर निवृत्तिवेतनही गेले. या कायद्याचा निषेध करण्यासाठी त्यांनी ७२६ कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रे पाठविली. सव्वीस जणांनी उत्तर दिले. शिक्षणाधिकाऱ्याला भेटावयास प्रत्यक्षात पाच जण आले.

या प्रसंगाविषयी क्लार्क यांनी पुढे जे सांगितले ते मननीय आहे. त्यांनी सहकाऱ्यांना भित्रे म्हटले नाही. ही आपल्या आयुष्यातील एक हार होती, कारण ज्या गोष्टीसाठी लोकांची तयारी झाली नव्हती तीत आपण त्यांना ढकलू पाहत होतो, असा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला. आधी तयारी, मग कृती, हे त्यांच्या पुढील सर्व कार्याचे सूत्र या अपयशातून आले.

किराणा दुकानामागची खोली

जॉन्स आयलंडवर इसॉ जेन्किन्स नावाचे एक कर्ते गृहस्थ होते. बेटावरील कामगारांना ते आपल्या बसमधून चार्ल्स्टनला नेत-आणीत. वाटेत ते प्रवाशांना राज्यघटनेतील नोंदणीचा भाग समजावून सांगत. ॲलिस वाइन या प्रवासी बाईंनी त्यांना म्हटले की, मला वाचावयास शिकवाल तर मी मतदार होईन. १९५४ मध्ये जेन्किन्स क्लार्क यांच्याबरोबर टेनेसी राज्यातील हायलँडर लोकशाळेच्या शिबिराला गेले. ही संस्था माइल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट या गोऱ्या तरुणांनी १९३२ मध्ये काढली होती. डेन्मार्कमधील लोकशाळा पाहून आलेल्या हॉर्टन यांची धारणा अशी की, शोषित माणसांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या अनुभवातूनच निघते. संस्थेने त्यांना एकत्र बसण्याची जागा द्यावी. काळे आणि गोरे तेथे एका टेबलावर जेवत, हे त्या राज्यात बेकायदेशीर असतानाही. १९५५ च्या उन्हाळ्यात, माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारापूर्वी काही महिने, रोझा पार्क्स याच संस्थेच्या शिबिरात होत्या.

बेटावर काय हवे आहे, असे शिबिरात विचारले असता जेन्किन्स यांनी प्रौढांसाठी रात्रशाळा मागितली. हायलँडरला हे आधी सुचलेले नव्हते. मागणी बेटावरून आली, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे. बेटावर सरकारी प्रौढवर्ग पूर्वी चालले होते, परंतु ते ओस पडले होते. मोठ्या माणसांना लहान मुलांच्या बाकांवर बसवून लहान मुलांचीच पुस्तके वाचावयास दिली जात. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाला तेथे शिकण्यापेक्षा लाज अधिक वाटे.

नव्या शाळेसाठी जागा मिळेना. शाळेच्या मुख्याध्यापकाला आणि चर्चला गोऱ्यांच्या रोषाची धास्ती होती. तेव्हा जेन्किन्स यांच्या ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ने हायलँडरकडून बिनव्याजी कर्ज घेऊन एक जुनी इमारत विकत घेतली. पुढच्या भागात सहकारी किराणा दुकान थाटले आणि मागच्या खोल्यांत वर्ग ठेवला. दुकानामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा संशय येत नसे. मागच्या खोल्यांना खिडक्या ठेवल्या नव्हत्या. दुकानाच्या उत्पन्नातून कर्जही फिटले.

शिकविण्यासाठी प्रशिक्षित शिक्षक नको, असा हॉर्टन आणि क्लार्क यांचा आग्रह होता. क्लार्क यांच्या नात्यातील बर्निस रॉबिन्सन या चार्ल्स्टनमध्ये केशभूषेचा व्यवसाय करीत. आपण शिक्षिका नाही, असे त्यांनी परोपरीने सांगितले. नेमक्या याच कारणासाठी त्यांची निवड झाली. त्यांचे गिऱ्हाईक कृष्णवर्णीय असल्यामुळे कोणी गोरा मालक त्यांना कामावरून काढू शकत नव्हता, हाही लाभ होताच. ७ जानेवारी १९५७ रोजी चौदा प्रौढ विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग भरला. शेतीची कामे कमी असतात असे हिवाळ्याचे दिवस मुद्दाम निवडले होते.

रॉबिन्सन यांनी प्राथमिक शाळेची पुस्तके बरोबर नेली होती. ती पहिल्याच दिवशी बाजूला पडली. तुम्हाला काय शिकावयाचे आहे, असे त्यांनी विचारले. कोणाला सही करावयाची होती, कोणाला बायबल वाचावयाचे होते, कोणाला मनिऑर्डर किंवा टपालाने माल मागविण्याचा अर्ज भरावयाचा होता. मग तेच अर्ज पाठ्यपुस्तक झाले. पुठ्ठ्यावर नावे लिहून ती गिरवून घेतली जात. मतदार नोंदणीचा अर्ज मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावला होता. त्याच्या जोडीला संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा जाहीरनामाही लावला होता. वर्ग संपेपर्यंत तो वाचता आला पाहिजे, असे उद्दिष्ट ठरले. फळ्यावरील अनेक नावांतून पासष्ट वर्षांच्या एका विद्यार्थिनीने एके दिवशी छडी हातात घेऊन आपले नाव दाखविले. तो क्षण पाहून अंगावर काटा आला, असे रॉबिन्सन पुढे सांगत.

पुढील हिवाळ्यापासून शेजारच्या वॅडमॅलॉ आणि एडिस्टो बेटांवर व उत्तर चार्ल्स्टनमध्ये असे वर्ग निघाले. ‘नागरिकत्व शाळा’ हे नाव रूढ झाले.

संस्था मोडली, काम उरले

ज्या कामाने सत्तेला धक्का पोहोचत नाही, ते सत्ता खपवून घेते. हायलँडरच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. ३१ जुलै १९५९ रोजी पोलिसांनी तिच्यावर धाड घातली. मद्याला कधीही न शिवणाऱ्या क्लार्क यांना दारू बाळगल्याच्या आरोपाखाली अटक झाली. ते आरोप टिकले नाहीत. तरीही टेनेसीच्या न्यायालयांनी संस्थेची सनद रद्द केली आणि १९६१ मध्ये तिची मालमत्ता लिलावात निघाली. हॉर्टन यांनी नॉक्सव्हिल येथे नव्या नावाने काम चालू ठेवले.

नागरिकत्व शाळा मात्र त्याआधीच मार्टिन ल्यूथर किंग यांच्या दक्षिणी ख्रिस्ती नेतृत्व परिषदेकडे सोपविण्यात आल्या होत्या. फील्ड फाउंडेशनने अनुदान दिले. जॉर्जिया राज्यातील डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग यांनी प्रशिक्षण सुरू केले. गावोगावचे मजूर, मोलकरणी, न्हावी, शेतकरी तेथे काही दिवस राहत, परत जाऊन आपल्या स्वयंपाकघरात अथवा ओसरीवर वर्ग भरवीत. मिसिसिपीतील शेतमजूर बाई फॅनी लू हेमर यांना याच शिक्षणक्रमातून कार्यकर्त्याचे वळण मिळाले. क्लार्क यांच्या सांगण्याप्रमाणे १९७० पर्यंत अशा ८९७ शाळा चालल्या. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा संमत होऊन साक्षरतेची अट मोडीत निघाली, तेव्हा नोंदणीसाठी निर्भयपणे जाऊ शकणारी हजारो माणसे या वर्गांनी आधीच तयार केलेली होती.

या इतिहासाला एक उणी बाजूही आहे. समतेसाठी झटणाऱ्या परिषदेतच स्त्रियांचे ऐकले जात नसे. सेप्टिमा क्लार्क कार्यकारिणीवर कशासाठी, असे एका वरिष्ठ सहकाऱ्याने विचारले होते. प्रत्येक मोर्चाचे नेतृत्व किंग यांनी स्वतः न करता गावोगावच्या नेत्यांना पुढे आणावे, असे पत्र क्लार्क यांनी त्यांना लिहिले. ते बैठकीत वाचले गेले तेव्हा हशा पिकला. ज्या तत्त्वावर नागरिकत्व शाळा उभ्या होत्या, तेच तत्त्व चळवळीच्या शिखरावर हास्यास्पद ठरले, ही गोष्ट कोणत्याही चळवळीच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

पत्राकडे परत

आता १९३२ च्या पत्रातील वर्गीकरण या शाळांना लावून पाहू. शाळा, वाचन, सहकारी दुकान ही सर्व कामे वरवर पाहता पहिल्या यादीतील होत. मग जॉन्स आयलंडचे काम व्यक्तिसुधारणेचे मानावयाचे काय? तसे म्हणता येत नाही. तेथे अक्षरओळख हे नोंदणी कार्यालयाच्या दारापर्यंत जाण्याचे साधन होते आणि त्या दारावरच परिस्थितीशी सामना होता. यावरून असे दिसते की कार्यक्रमाच्या नावावरून त्याची दृष्टी ठरत नाही. शाळा दोन्ही प्रकारची असू शकते. मागणी कोणी केली, शिकविणारा कोणत्या वर्गातला आहे, शिकलेले ज्ञान कोणत्या बंद दारावर थाप मारण्यासाठी वापरावयाचे आहे आणि मूळ संस्था मोडली तरी काम लोकांच्या हाती उरते काय, या चार प्रश्नांनी ते ठरते.

बाहेरची मदत त्याज्य आहे, असाही निष्कर्ष काढू नये. हायलँडरचे संस्थापक गोरे होते आणि अनुदान देणाऱ्या निधींचा पैसा धनिकांचा होता. बाबासाहेबांनीही २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड होते. परंतु व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद स्वतः बाबासाहेबांकडे होते. १९२५ च्या आरंभी सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मदत कोणाची, हा प्रश्न दुय्यम. निर्णय कोणाचा, हा मुख्य. ठक्कर यांना लिहिलेल्या पत्राला उत्तर आले असते तर त्या संघाचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. ते घडले नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, त्या पत्राची कसलीही माहिती नसलेल्या माणसांनी एका बेटावर त्यातील विचार आपल्या अनुभवाने सिद्ध केला.

मिळविलेला हक्क कायमचा नसतो, हेही पुढील इतिहासाने दाखविले. मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी काही राज्यांना केंद्राची संमती घ्यावी लागे. ही राज्ये ठरविणारे १९६५ च्या कायद्यातील कलम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द ठरविले. कायद्याचा आधार सैल झाला की पुन्हा लोकांच्या तयारीवरच भिस्त येते.

सेप्टिमा क्लार्क १९७५ मध्ये चार्ल्स्टनच्या शिक्षण मंडळावर निवडून आल्या. ज्या यंत्रणेने त्यांना नोकरीवरून दूर केले होते, तिच्याच कारभारात त्या मतदारांच्या बळावर बसल्या. पुढील वर्षी राज्याने त्यांचे निवृत्तिवेतन मान्य केले. १५ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्याकडे वसतिगृहे, अभ्यासिका आणि प्रौढवर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपला वार्षिक अहवाल लिहिताना किती जणांना साहाय्य दिले याबरोबर, साहाय्य घेतलेल्यांपैकी किती जण आज संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत, हा आकडाही नोंदवावा. तो लहान असेल, तर १४ नोव्हेंबर १९३२ चे ते पत्र पुन्हा एकदा वाचणे इष्ट ठरेल.